तीन पाण्यानं धुतलेला किनवा

नाय, असं नाय — पिठाच्या चाळणीत घे. पातेल्यात धुशील तर पाण्याबरोबर अर्धा मोरीत जाईल, इतका बारीक हाय तो. हां. आता नळाखाली धर आणि हातानं चोळ. फेस आला ना? साबणासारखा. तो जाईस्तोवर धुवायचा. ह्यालाच किनवा म्हणतात — ताई जरा वेगळंच म्हणतात, माझी जीभ नाय वळत — ताईंचा ज्ञानेश अमेरिकेतून पाठवतो, आणि कोणासाठी, तर ह्या सीझरसाठी. कुत्र्यासाठी गं. हसू नको. मीबी हसले होते, आणि आता बघ, अकरा वर्षांचं काम गेलं त्याच्यापायी, आणि जाता जाता नव्या बाईला शिकवून जा, असं वरून. म्हणजे तुला. तुझ्यावर राग नाय माझा. तुला काय ठाऊक.

काय सांगितलं ताईंनी माझ्याबद्दल? — काहीच नाय? मग मीच सांगते, नायतर गंगापूर रोडच्या चार बंगल्यांतून चार गोष्टी ऐकशील. होळीच्या आधी सीझरला खाज सुटली. पोट लालभडक, केस झडले, रात्रंदिवस नुसता खाजवायचा. डॉक्टर म्हटले, गहू बंद करा, ह्याला चपाती सोसत नाय. आता चपाती कोण देत होतं? मीच. पिल्लू होता तेव्हापासून माझ्या हातची चपाती आणि दूध, त्यावर एवढा मोठा झाला, आणि तेच म्हणे बाधलं. ज्ञानेश फोनवर म्हटला, इकडं कुत्र्यांना किनवा देतात, पौष्टिक असतो, गव्हाचा त्रास नाय. झालं. पार्सल आलं. ताईंनी मला समोर बसवून सांगितलं — तानुबाई, तीन पाण्यानं धुवायचा, मीठ नाय, कांदा-लसूण तर अजिबात नाय, थोडा किनवा आणि जास्त कोंबडी, वरून गाजर. मी म्हटलं, बरं. साहेब गेल्यापासून ताई ह्या एवढ्या घरात एकट्या, कुत्रा साहेबांनी आणलेला. त्याला खरचटलं तरी ह्यांना घास जात नाय. ते सगळं मी बघितलेलं.

बास, कुकरला लाव. दोन शिट्ट्या.

तर मी केला. पहिल्याच दिवशी केला, तीन पाण्यानं धुतला, आणि त्याच दिवशी मी गेले कळवणला, भावाच्या मुलीची सुपारी फुटायची होती. तिसऱ्या दिवशी येते तर सीझर सलाईनवर. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. ताई त्याच्या जवळ फरशीवर बसलेल्या. मला काय विचारलं असेल? — तानुबाई, धुतला होता ना नीट? मी म्हटलं, तीन पाण्यानं. डॉक्टर म्हटले, मग पोटाला सवय नसेल, थोडा थोडा द्या. पण तो कसला खातो. वास घ्यायचा आणि मान फिरवायचा. चार दिवस, पाच दिवस. बरगड्या मोजाव्यात असा झाला, आणि ताई फोनवर ज्ञानेशला सांगताना रडायच्या.

मग मी काय केलं — भावाकडून वरई आणली. तुम्ही भगर म्हणता ना, उपासाची, तीच. दिसायला किनव्यासारखीच. कोंबडीच्या पाण्यात मऊ शिजवली, गाजर घातलं, सीझरसमोर ठेवली. भांडं चाटून ठेवलं त्यानं. महिन्याभरात खाज गेली, केस आले, अंगावर हात फिरवला तर नुसती चकाकी. आणि ताई काय म्हणतात? किनवा लागू पडला. येईल त्याला सांगायच्या. समोरच्या बाई वही घेऊन आल्या लिहून घ्यायला. मी ओट्याशी उभी, भांडी पुसत. माझ्या भावाच्या शेतातलं धान्य, माझा हात, आणि नाव त्या अमेरिकेच्या पाकिटाचं. आठ महिने ऐकलं गं मी. आठ महिने.

पाकिटं? ती घरी नेऊन ठेवत होते. फेकवेना, अन्न हाय शेवटी. एक फोडलं नाय, देवाशपथ. दिवाळीला ज्ञानेश आला, सीझरच्या भांड्यात बघितलं आणि म्हटला, आई, हा किनवा नाय. ह्याला शिजल्यावर शेपटी सुटते, बारीक, गोल, कोंब फुटल्यासारखी. ह्यात एकबी नाय. मग मी सगळं सांगितलं, पाकिटं पिशवीत घालून आणून दिली. मला वाटलं, कुत्रा जगवला, हे तरी बोलतील. ताई एवढंच म्हटल्या — तू आठ महिने माझ्याशी खोटं बोललीस, तानुबाई. बास. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उतरव आता. बघ, दिसली शेपटी? कोंबडी मिसळ, आणि पूर्ण गार होऊ दे, त्याचं तोंड भाजतं. ठेव खाली. ठेव, पण तो खायचा नाय, सांगून ठेवते. वास घेईल आणि मान फिरवील. ये रे सीझर. बघ, हुंगतोय. आता फिरवील.

...

खातोय.

नाय, थांब, कोंबडी वेचून खात असेल — नाय. सगळंच खातोय.

त्या दिवशी नऊची एसटी होती. ताई पूजेला बसल्या होत्या. मी पाकीट फोडलं आणि — इतकं स्वच्छ होतं गं, पांढरं, मधी काचेसारखा कागद लावलेलं, आतल्या दाण्यांत एक खडा नाय, एक काडी नाय. मी म्हटलं, अमेरिकेचा माल, ह्याला काय धुवायचं. तसाच कुकरमध्ये घातला आणि पळाले. एक पाणीबी नाय दिलं. सलाईन बघितल्यावर मला कळलं होतं, तिथंच, दारात उभी होते तेव्हाच कळलं होतं. ताईंनी विचारलं, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं — तीन पाण्यानं. नंतर चार-पाच दिवस त्याच्यापुढं ठेवला तोबी न धुतलेलाच, म्हणून तर मान फिरवायचा. वरई त्याच्यासाठी नव्हती आणली. परत किनवा केला आणि धुऊन केला आणि त्यानं खाल्ला, तर ताईंना कळलं असतं ना. म्हणून आणली.

चाटतोय भांडं. बघू नको माझ्याकडं.

ताई बोलावतायत. — नाय, मला नाय, तुझं नाव घेतलं त्यांनी. जा. त्यानं खाल्लं म्हणून सांग. मी पिशवी घेते माझी.