जावयाच्या कम्प्युटरला कुंकू

ह्याचा शेवट कुनी वळकून दावला तर आजचा चहा माज्याकडून, लावा पैज!

आमच्या गावच्या भवानी पेठेत शेजारच्या सुमनवैनीकडं पुण्याचा जावई आल्ता. मेव्हण्यासाठी नवा कम्प्युटर सोता जोडत बसला हुता. मी मुद्दाम डिवचलं, "दुकानातनंच बसवून आनायचा की."

"काका, तिथली पोरं घाई करतात. प्रोसेसर बसतो ना, तिथं केसासारख्या पिना असतात. बोट लागलं की अख्खा मदरबोर्ड गेला!"

असं म्हनत त्यानं पिनांवरचं झाकन काढलं, प्रोसेसर चिमटीत धरला, श्वास रोकला. तेवढ्यात वैनी ओवाळायचं ताट घिऊन आली.

"थांबा जावईबापू! नवी वस्तू कुंकू न लावता बसवत्यात व्हय?"

आन् त्यानं तोंड उघडायच्या आत वैनीनं कुंकवाचं बोट बरोबर पिनांच्या मदोमद दाबलं. चांगलं फिरवून फिरवून लावलं की! मी वाकून बगितलं, पिना पार आडव्या.

जावई पांढराफटक. पन सासूला बोलनार कसं?

वैनी म्हनली, "काय चुकलं का वं?"

"नाही आई... छान लागलंय."

मी म्हनलं, "वैनी, हळद ऱ्हायली की!"

मग हळद बी लागली.

नवा बोर्ड त्याला नऊ हजाराला पडला, आन् वैनीनं ओवाळलं म्हनून ताटात एकशे एक टाकावं लागलं ते येगळंच.