बाण कुठे आहे

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त टंकलेखक मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. सोबत त्यांची मुलगी होती.

“बाबा, फोटोवर माउसने क्लिक करायचं, नवं नाव लिहायचं, झालं! ही काळी खिडकी उघडून कमांड कशाला टाइप करत बसता?”

“मला हेच बरं पडतं.”

“चुकून एकच नाव दोनदा दिलंत, तर आईचा आधीचा फोटो पुसला जाईल. ही कमांड विचारतसुद्धा नाही.”

“चाळीस वर्षं टायपिंग केलंय. बोटं चुकत नाहीत माझी.”

“हट्टी आहात नुसते. एकदा माउसने करून बघा. हा बाण त्या फोटोवर न्या.”

“कुठला बाण?”

“हा काय, मधोमध.”

त्यांनी मान तिरकी करून पडद्याकडे बघितलं.

“बाबा, दिसत नाही?”

“कडेचं दिसतं. मधलं गेलंय, दोन महिने झाले. टाइप केलेलं लॅपटॉप वाचून दाखवतो, म्हणून भागतं.”

“आणि मला आज सांगताय?”

“आज डॉक्टर सांगणारच होते.”

“किती फोटो राहिलेत?”

“साडेतीनशे.”

“द्या इकडे. तुम्ही नावं सांगा, मी टाइप करते.”

“नको. टाइप मी करतो. तू फोटो बघ, आणि तुझी आई कशी दिसतेय ते सांग.”