लाँचची तिकीट खिडकी

धाकटी : ताई, जरा सरक ना. तुझी सावली पडतेय भिंतीवर.

ताई : सरकले बाई. अठरा वर्षांनी आलीस, तीही या पडक्या तिकीटघराचे फोटो काढायला!

धाकटी : कामच आहे ते माझं. किनाऱ्यावरच्या जुन्या इमारती पडायच्या आत टिपून ठेवायच्या. ही तर सोमवारी पाडणार म्हणे.

ताई : बाबा जायच्या आत आली असतीस तर?

धाकटी : पुन्हा तोंड दाखवू नकोस, म्हणाले होते ते.

ताई : रागात माणूस वाट्टेल ते बोलतो. आणि तू तेच धरून बसलीस. बापाचीच लेक!

धाकटी : पत्रे गंजलेत, दरांच्या पाटीवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्यानं खाल्लीत. मग खिडकीची चौकट तेवढी अशी नवीकोरी कशी?

ताई : सांगते. खाडीवर पूल झाला, लाँच बंद पडली. बाबांना मात्र कोण बंद करणार? रोज नऊच्या ठोक्याला यायचे, खिडकी उघडून बसायचे. लोक चेष्टा करायचे, ‘मास्तर, आता तिकीट कुणाला फाडताय?’

धाकटी : मग?

ताई : मग काय! ‘घ्यायचं नसेल तर पुढे व्हा, मागे रांग आहे.’

धाकटी : अगदी असंच बोलायचे गं!

ताई : एकदा मीच चिडले. म्हटलं, बाबा, आता सगळे पुलावरून येतात. तर म्हणाले, ‘ती गेली तेव्हा पूल कुठे होता? तिला हीच वाट ठाऊक.’

धाकटी : ...हे मला कळवलं का नाहीस?

ताई : शपथ घातली होती. बोलावून आलेली नको, आपणहून यायला हवी.

धाकटी : आणि तू पाळलीस?

ताई : पाळली. तिथंच चुकलं माझं. ते गेल्यापासून दर वर्षी ही चौकट मी रंगवते.

धाकटी : ताई, आत जा. त्यांच्या स्टुलावर बस.

ताई : तुझ्या फोटोंत माणसं नसतात ना?

धाकटी : बस गं तू. ते कुठे बघायचे?

ताई : त्या पलीकडच्या धक्क्याकडे. अशी मान करून... काढलास का?

धाकटी : थांब. काही दिसतच नाहीये मला.

ताई : डोळे पूस आधी. मी बसलेय.