जाताना नुसता हात करू नका

बसा. पर एक आधीच सांगतो, इचारताना हात हलवू नका, नुसतं तोंडानं इचारा, कशापायी ते येईलच पुढं. जलम माझा धारूरकडल्या डोंगरातला, रान सगळं मुरमाड, बाप दरसाल ऊस तोडायला कारखान्याला जायचा, मी बी दोन साल गेलतो, पर कोयता काय मला जमला न्हाई, मी यारीवर लागलो. यारी म्हंजी इहीर खंदताना दगड वर काढायचं मशीन, इंजनाला तारदोर, दोराला लोखंडी बकेट. खाली गडी दगड भरत्यात आन वर मी ब्रेकाचा दांडा धरून. मला खालचं काय बी दिसत न्हाई, दिसतो तो काठावरचा माणूस.

काठावर माझा साडू भानुदास, लई वर्सं तोच. तोंडानं म्हणायचा सोड, न्हाईतर घे, तेवढंच, आन कसं सोडायचं ते हातानं. पालथा पंजा दाबला की सावकाश, मूठ आवळली की खालच्या गड्यांच्या डोक्यावर पुरुषभर थांब. शब्द आन हात माझ्या डोक्यात एकदमच जायचे, इचार करावा लागायचा न्हाई. दुष्काळ पडला की आमाला उसंत नसायची, काय सांगू तुमाला, भाकर बी दांड्यापाशीच खायचो.

मग आणिक एक दुष्काळ आला, गावातल्या घरांनी मिळून पाण्याची सोसायटी केली, सगळ्यांची मिळून एकच इहीर. मी सत्तरीला आलतो. त्या दिवशी भानुदास म्हणला सोड आन मूठ आवळली. म्या मूठ पायली, देवाशपथ पायली, पर डोक्यात नुसतं सोड गेलं आन म्या सोडलं. मुठीचा अर्थ लागला तवर बकेट खाली आदळलं. गावातला शंकर खाली दगड भरत होता, तो बाजूला सरकला म्हून जीव वाचला, खांदा मात्र सोलून निघाला. म्या इंजन बंद केलं आन घरी आलो. माझ्या हातानं माणूस मेला असता हो.

समदे म्हणले चष्मा करा. डाक्टरानं डोळं तपासले, कान तपासले, म्हणला वयाच्या मानानं चांगलं हाय. मग बिघडलं काय? ते सुनबाईच्या ध्यानात आलं. ती चुलीपासून म्हणायची, मामा, ते द्या, आन बोट करायची उथळीकडं, म्हंजी पसरट भांड्याकडं, मी द्यायचो तांब्या. पर मामा, उथळी द्या म्हणली की बराबर उथळी. ती म्हणली, तुमाला बोलणं कळतंय, हात बी दिसतोय, पर दोनी एकदम आले की तुमचा गोंधळ होतोय, आता वय झालं, आमीच पुरं बोलाय पायजे.

तिनंच भानुदासला बोलावणं धाडलं. सोसायटीची इहीर अर्धीच ऱ्हायली होती, दुसरा यारीवाला मिळत नव्हता. आमी लिंबाच्या फांदीला कप्पी बांधली, दोराला बादली, खाली सुनबाईचा जुना घडा, आन मी पाठमोरा दोर धरून. भानुदासनं तोंडानं पुरं सांगायचं, सोड, सावकाश, अजून हातभर, थांब. मी पाठमोरा, तरी त्याचे हात हालायचेच, आन हात हालला की तोंड मुकं. दोन घडे फुटले. मग सुनबाईनं त्याचे हात बंडीच्या खिशात घालाय लावले. तिसरा घडा ऱ्हायला.

तरी इहिरीवर जायची माझी छाती होईना. खाली उतरणार कोण? सोसायटीच्या बैठकीत हेच निघालं. शंकर उठला, खांद्याची खपली अजून ओली होती, म्हणला,

"मी उतरतो खाली. काकाच धरतील दांडा."

काय सांगू तुमाला, माझे डोळे भरून आले, आन म्या जाऊन दांडा धरला. भानुदास काठावर खिशात हात घालून हुबा, वरडतोय, सोड, सावकाश, पुरुषभर थांब, आन मी थांबलो. महिनाभरानं शंकर खालून वर आला तो गुडघ्यापावतर भिजलेला.

आता यारी सोडली, मीच सोडली, शंकरचा भाऊ चालवतो. काठावरच्या माणसानं पुरं बोलायचं, ही चाल मात्र गावानं धरलीय. भानुदासचं बी आता माझ्यावानीच झालंय, त्याला बी पुरं सांगावं लागतंय, मी हासतो त्याला. चांगलं चाललंय बगा. तुमी बी जाताना त्या वळणावरून नुसता हात करू नका. हितं जवळ या आन म्हणा, काका, येतो. मग मी म्हणन, या, सुखी ऱ्हावा.