तक्ता आधी, कळ मागून

(बाळांनो, कुंभकोणमातली एक गच्ची डोळ्यांपुढे आणा. गच्चीवर एरियलचा उंच खांब, बाजूला हौशी रेडिओ क्लबची खोली. आत दोन म्हातारे सामान बांधताहेत, व्यंकोबा आणि त्यांचा दोस्त चंद्रमौळी. दारात व्यंकोबांची नात मधुमिता, हातात भजनाच्या झांजा.)

व्यंकोबा : खांबाची दोरी सोडायला जाऊ नकोस रे, मौळी! संध्याकाळपर्यंत तरी खांब राहू दे.

चंद्रमौळी : खोली रिकामी करून घ्यायला घरमालकाची माणसं खाली उभी आहेत. शिकायला एक तरी पोर येतं का, विचारतात. काय सांगू?

व्यंकोबा : सांग, येतील.

चंद्रमौळी : कोण येणार? तुझ्या त्या टिंबा-रेघांच्या मोर्स लिपीनं सगळी पळाली. सरकारसुद्धा आता मोर्सशिवाय रेडिओवर बोलायचा परवाना देतं. तू मात्र तक्ता पाठ झाल्याबिगर माइकला हात लावू देत नाहीस!

व्यंकोबा : आणि कोपऱ्यावरची शरण्या? तिनं काढला ना तसला परवाना? चार शब्द बोलली, मोबाइलच बरा म्हणाली, गेली. सोपं केलं की येतात, टिकत नाहीत.

चंद्रमौळी : कठीण केलं की येतच नाहीत. सेरि, बरं बाबा, वाद तू जिंकलास. क्लब गेला.

व्यंकोबा : माझ्यामागं काढायचा होता रे खांब. डोळ्यांदेखत नको होतं.

मधुमिता : अज्जा, एकदा ती मोर्सची कळ दाबू द्या की.

व्यंकोबा : तक्ता पाठ झाला?

मधुमिता : नाही. ती टिंबं, त्या रेघा बघितल्या की झोपच येते.

चंद्रमौळी : ऐकलंस?

मधुमिता : मग तुम्ही वाजवून दाखवा. नुसता बझर. आज शेवटचंच तर आहे.

व्यंकोबा : हे ऐक. माझं अक्षर. व्ही.

मधुमिता : त त त ताऽ! अय्यो, हा तर ठेका आहे! गोविंदपुरमला भजनात मी झांजेवर असंच धरते. हे कागदावर कशाला लिहून ठेवलंत?

व्यंकोबा : आम्हांला तसंच शिकवलं, पिल्ले. तक्ता आधी, कळ मागून.

मधुमिता : माझं अक्षर कसं?

व्यंकोबा : एम. दोन लांब. ताऽ ताऽ.

चंद्रमौळी : व्यंकू, माणसं जिना चढताहेत.

व्यंकोबा : चढू देत. बाळे, कळ तू धर.

मधुमिता : ताऽ ताऽ. बरोबर?

व्यंकोबा : बरोबर.

चंद्रमौळी : खांब उतरवला रे त्यांनी. बघू नकोस तिकडं.

मधुमिता : अज्जा, शरण्याक्काचं अक्षर सांगा.

व्यंकोबा : एस. त त त. कशाला गं?

मधुमिता : तिच्या दारात झांजेवर वाजवून येते.