गाण्याला काढलेल्या चपला

त्या दिवशी ऊन लई होतं, पण सांजेला असं गार वारं सुटलं, जणू कुणी शेजारी ओलं लुगडं झटकतंय. शेजारचे शब्बीरभाई म्हणाले, "चला दादा, पोरीनं दोन पास दिलेत. मैदानात कुणी रॉकवाला गाणार हाय." त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, त्यांनीबी नाय. तरी गेलो.

भजनाला बसायचं तर चपला बाहेर, ही माझी लहानपणची सवय. फाटकापाशी चपला काढल्या अन् गवतावर मांडी घातली. शब्बीरभाई म्हणाले, "तुम्ही बसा, मी आलोच," अन् मागं गेले.

मग ध्यानात आलं, इथं चपला काढणारा मी एकटाच. आधीचे दोन जोड देवळात गेले, म्हणून सूनबाईनं परवाच गुलमंडीच्या बाजारातून ह्या आणल्या होत्या. म्हणाली होती, "मामा, ह्या हरवल्या तर तुमचं संध्याकाळी बाहेर पडणं बंद!"

उठणार, तेवढ्यात तो लांब केसांचा गडी डोळे मिटून हळू गायला लागला. शब्द एक कळंना. पण पायाखाली गार गवत, वर चांदण्या, अन् ढोल माझ्याच छातीत वाजत होता. चपला विसरलो, सूनबाई विसरलो, आपण कुठं हाय तेबी विसरलो.

गाणं संपल्यावर फाटकापाशी आलो, तर चपला नाय. घरी काय सांगावं, म्हणून तसाच उभा राहिलो. मागून शब्बीरभाई आले, माझ्या चपला पुढं ठेवल्या अन् म्हणाले,

"घाला दादा. तुमच्या चपला हातात धरून सगळं गाणं ऐकलं मी. दोन शिपाई शेवटपर्यंत मला चिकटून उभे होते, त्यांना वाटलं, चाचा आता फेकतोय गाणाऱ्यावर!"