आधी सुधारणा घ्या

—छे छे, तक्रार हा शब्द मी काढलाच नाही, ओडमबाई. काळजी म्हणालो मी. एका पालकांना काळजी वाटते. आता काळजी वाटणारा पालक मुख्याध्यापकाकडे नाही येणार तर कुठं जाणार — बसा ना, उभ्या का? आणि ही प्रालीनची वडी घ्या, आमच्या सूडीनं केलीय, पिकॅन परसातल्या झाडाचेच आहेत. मिसेसच्या हाताला चव आहे, एवढं एक म्हणेन. घ्या हो, लाजू नका. तर काय म्हणत होतो — काळजी. दहावीच्या अमेरिकन इतिहासातला तो मधला भाग. गुलामगिरी आणि यादवी युद्धाच्या आधीच्या सुधारणा. पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी आहेत. मग आधी कुठलं घ्यायचं? ते शिक्षकाच्या हातात. आणि तुम्ही आधी गुलामगिरी घेतलीत. तिसरा आठवडा लागला, वर्ग अजून तिथंच अडकलाय! सुधारणा कधी घेणार? मुलांना पुढं परीक्षा आहे की नाही?

कोच डॉबिन्सनं वीसेक वर्षं हाच विषय शिकवला. बेसबॉल शिकवायचा म्हणून इतिहास मिळाला, की इतिहास होता म्हणून बेसबॉल, ते आता कुणालाच आठवत नाही — आपल्या दक्षिणेत इतिहासाचा मास्तर म्हटला की गळ्यात शिट्टी असायचीच — पण माणसाची पद्धत होती. आधी सुधारणा! दारूबंदी, तुरुंग, वेड्यांची इस्पितळं, मुलींच्या शाळा. मग तो पाद्री, कोंड्यासकट पिठाचा पाव खाल्ला की मनात वाईट विचार येत नाहीत म्हणणारा — त्याच्याच नावाची बिस्किटं आपण खातो. कोच वर्गात शेगडी आणायचा. बिस्कीट, त्यावर चॉकलेट, वर भाजलेलं मार्शमॅलो. पोरं अशी रमायची, अशी रमायची! आज त्यांना पोरंबाळं झालीत, बाजारात भेटतात आणि म्हणतात, सर, त्या सुधारणा जन्मात विसरणार नाही. हे शिक्षणाचं यश नाही तर काय आहे? आणि गुलामगिरी? घ्यायचा ना. शेवटच्या शुक्रवारी. शुक्रवारी बाहेरगावी सामना, जेवणाच्या सुट्टीतच बस सुटायची, अर्धा वर्ग बसमध्ये. उरलेल्यांना जाता जाता सांगायचा — वाईट होती, संपली. बास. काय चुकलं त्यात, सांगा? वाईट होती ना? संपली ना?

आणि तुमच्या वर्गात एक विद्यार्थिनी उभी राहते आणि विचारते, एवढे सुधारक होते तर मुळात बिघडवलं कुणी? हा काय प्रश्न झाला? कोचच्या वीस वर्षांत कुणाला पडला नाही. तोंड मार्शमॅलोनं भरलेलं असलं की असले प्रश्न पडत नाहीत, हेच तर मी म्हणतोय.

मी तुमच्या विरुद्ध नाही हं. गैरसमज नको. मी नेमलंय तुम्हाला, मंडळात मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. पण वरून पत्रक आलंय — वर्गात कुणाला अवघडल्यासारखं वाटता कामा नये. वाटलं की जबाबदार कोण? मुख्याध्यापक. तीन आठवडे तुमच्या वर्गात माणसं अवघडतायत— काय? अर्ध्या वर्गाला वीस वर्षं वाटतच होतं? हो, म्हणजे — ती तुमच्यातली, काळी मुलं, शांत असतात हो. त्यांचे आईवडील कधी आले नाहीत माझ्याकडे. मला वाटलं सवय — नाही, सवय नाही म्हणायचं मला, समंजसपणा म्हणायचं होतं. तुम्ही ना बाई, नुसत्या बसता आणि माणसाच्या तोंडून भलतंच वदवून घेता.

बरं, तो गृहपाठ घेऊ. घरातली सगळ्यात जुनी वस्तू शोधा आणि ती कुणी केली ते विचारा. कुणी विकत घेतली नाही — कुणी केली. कागदावर छान दिसतं. एरवी मी पाठ थोपटली असती. पण गाव कुठलं आहे हे? इथं वसंत आला की युद्धाआधीची मोठी घरं बघायला यात्रा भरते. गार्डन क्लबच्या बायका वर्षभर दुसरं काही करत नाहीत. खांब रंगवा, अझेलियाची झुडपं छाटा, आणि मुलींना त्या काळच्या पोलादी कड्यांच्या झग्यांत उभं करा. त्या झग्यात मोटारीत बसता येत नाही, म्हणून बापांनी पिकअपच्या मागं उभं करून न्यायचं, आणि चार चार मुली रस्त्यानं डुलत चालल्यात, झगे वाऱ्यानं वर जातायत, बाप आरशातून बघून ओरडतोय, धर, धर! पण शोभा असते हो. लांबलांबून माणसं येतात. अशा गावात, ऐन यात्रेच्या तोंडावर, तुम्ही दहावीच्या पोरांना विचारायला सांगता — केलं कुणी!

पालक कोण ते सांगता येत नाही. गोपनीय असतं. समजा, एक मुलगी आहे. चांगल्या घरची. तिला यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या घराच्या व्हरांड्यात उभं राहायचा मान मिळाला. आईनं झगा शिवून घेतला, आजीनं हातमोजे दिले. मुलीच्या खापरपणज्यानं बांधलेलं घर — आता भुवई वर करायचं काय कारण? बरं, बांधून घेतलेलं. शब्दाशब्दाला अडवू नका हो. तर त्या घराच्या विटांवर खुणा आहेत. बारीक खळगे. चार बोटं, कुठं तीन, कुठं नुसता अंगठा. आमच्याकडे — त्यांच्याकडे — पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की गवंड्यानं घराला शुभ म्हणून अंगठे उठवले. यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांना हेच सांगतात, पाहुण्यांना फार आवडतं, फोटो काढतात. मुलीला पाठ होतं. हसायचं, हातमोज्यानं खूण दाखवायची, म्हणायचं, "हा आमच्या घराचा भाग्याचा अंगठा."

आणि पोरीनं तुमचा गृहपाठ केला. वस्तू बिस्तू नाही — भिंत निवडली! कॉलेजातल्या कुणा बाईला फोन काय केला, फोटो काय पाठवले. त्या म्हणाल्या, वीट ओली असताना वाळवायला उलटीपालटी करतात, तेव्हा बोटं उमटतात. आणि ते काम मुलांना देत. लहान हातांना. कुणाच्या मुलांना ते त्यांनी सांगायची गरज पडली नाही.

आता मला सांगा, कशावरून? गवंडी बुटका असेल! बारीक चणीची माणसं नसतात का? मी स्वतः लहानपणी त्या भिंतीशी उभा राहून बोटं घालायचो. सहा-सात वर्षांचा असेन. बरोबर बसायची, चारही. थंडगार लागायचं आत. पुढं बसेनात, आठवीत वगैरे गेलो तेव्हा करंगळीसुद्धा—

हो. माझंच घर. झालं समाधान? ॲना-क्लेअर माझीच मुलगी, तुम्हाला काय पहिल्यापासून ठाऊक नव्हतं? तिसऱ्या तासाला रोज तुमच्या पुढ्यात बसते. मी पालकही आहे आणि मुख्याध्यापकही, म्हणजे माझी काळजी माझ्याकडेच आली, आणि मी ती रीतसर ऐकून घेतली, यात गैर काय आहे?

शनिवारी काय केलं तिनं, ऐकलंत ना? गावानं ऐकलंय. झगा घालून उभी. पाहुणे जमले. गार्डन क्लबच्या अध्यक्षीणबाई बाजूला, ताठ. आणि माझी पोर गोड हसून म्हणते, "या, प्रत्येकानं बोटं घालून बघा." एक गृहस्थ पुढं झाले, बसेनात. त्यांची बायको, बसेनात. सगळे हसतायत, खेळ वाटतोय. मग कुणाची तरी छोटी, सात वर्षांची, दात पडलेली — तिनं हात लावला. बसली. चारही. ॲना-क्लेअर म्हणाली, "विटा करणारी तुझ्याएवढी होती." बास. त्या आईनं पोरीचा हात असा ओढला, असा ओढला, की जणू भिंत तापलेली होती. आणि सगळे लिंबूसरबत न घेता निघून गेले. सूडीनं एवढं केलेलं, तसंच राहिलं.

रात्री जेवताना मी म्हटलं, बेटा, घर आपलं आहे. तर म्हणाली, "डॅडी, तुम्हाला कधीच वाटलं नाही का, तुमची बोटं त्यात का बसायची?" एवढंच. मी म्हटलं, नाही. खरंच नाही वाटलं हो! सहा वर्षांच्या मुलाला काय वाटणार? तिनं माझ्याकडे बघितलं — रागानं बघितलं असतं तर चाललं असतं. कीव केली माझी, ओडमबाई. सोळा वर्षांच्या पोरीनं. रविवारी बॅग भरली आणि माझ्या बहिणीकडे गेली. शाळेत येते ती तिकडूनच. मला जिन्यात "गुड मॉर्निंग, सर" म्हणते. सर! स्वतःच्या बापाला!

म्हणून तुम्हाला बोलावलं. मला फार काही नको. तुमचं ऐकते ती, दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. तुम्ही आज वर्गात एकच वाक्य म्हणा — निश्चित सांगता येत नाही. बस. खोटं नाही त्यात. इतिहासात कुठं काही निश्चित असतं? त्या खुणा कुणाच्या, निश्चित सांगता येत नाही, आणि आता सुधारणांकडे वळू. बिस्किटं शाळेतर्फे आणून देतो. पोर घरी येईल, तुमचा पुढच्या वर्षीचा करार मी आजच मंडळाकडे धाडतो. आणि नाही जमलं तर — धमकी नाही हं ही — तर डॉबिन्सला इतिहास परत देऊ आणि तुम्ही त्याचा मोटार चालवायचा वर्ग घ्या. मोकळी हवा असते. मी तुमच्या भल्याचं बोलतोय, परक्या समजून नाही. तुमची आजी आमच्याकडे स्वयंपाकाला होती, लूएला. मला तिनं वाढवलं म्हणा ना. घरचीच होती ती आम्हाला. आम्ही सगळे लूएलाच म्हणायचो, लहान-थोर सगळे. आडनाव ओडम हे मला तुम्ही नोकरीला आलात तेव्हा कळलं.

असं काय बघताय?

बोला ना. — काय? तुम्ही यायचात तिच्याबरोबर? आमच्याकडे? मला कसं आठवत नाही? मागच्या दारानं, हां, मग मी कसा पाहणार. स्वयंपाकघराच्या धुराड्याशी. तिथंही आहेत खुणा? … तुमचीसुद्धा बसायची?

लूएला काय म्हणायची? सांगा. भाग्याचा अंगठा नाही म्हणाली? … बहीण. कुणाची बहीण? तिच्या आजीची, त्या विटा उलटवणारी. म्हणजे लूएलाला माहीत होतं. माझ्यासमोर रोज त्या भिंतीला पाठ लावून वाटाणे सोलायची, आणि मी तिच्या डोक्यावरून हात घालून — तिला माहीत होतं आणि मला कधी बोलली नाही. का नाही बोलली? मी विचारलं असतं तर — हो. विचारलं नाही.

नाव आहे? त्या मुलीचं नाव आहे तुमच्याकडे?

नको. थांबा. सांगू नका. मला त्याच घरात झोपायचंय. … ॲना-क्लेअरला सांगितलंत? अजून नाही. पण तिनं विचारलंय. आज सांगा म्हणाली, सगळ्या वर्गासमोर.

घंटा झाली वाटतं. हो, तिसऱ्या तासाची.

नाही. सुधारणांचं राहू द्या. मी काही म्हटलं नाही. जा तुम्ही. जा ना बाई, पोर वाट बघत असेल.